पुडीनं तासाभरात फरक पडला, तर पुडीत काय असेल?

दादा, वय 44, शुगर आहे, लिंगाला ताठरता येत नाही म्हणून आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याची पुडी घेतली तर तासाभरात ताठरता आली, पण डोकं ठणकलं आणि तोंड तापलं. आता मेडिकलमधून सरळ 100 मिलिग्रॅमची गोळी आणू का, असं तुम्ही विचारलंय. तालुक्याला माझं स्वतःचं मेडिकल आहे. गिऱ्हाईक पांगलं की काउंटरवर वाकून हेच विचारणारे बरेच असतात, तेव्हा संकोच सोडा.

आधी पुडीचं. झाडपाला तासाभरात असं काम करत नाही. लगेच ताठरता, सोबत डोकेदुखी, कान-तोंड गरम, नाक चोंदणं, ही सगळी लक्षणं सिल्डेनाफिलची, म्हणजे लोक 'निळी गोळी' म्हणतात तिची. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या मालात ही गोळी मिसळलेली अनेकदा सापडली आहे. माझा अंदाज, गोळी तुम्ही घेऊन बसलात. फक्त किती घेतली ते तुम्हाला माहीत नाही आणि बहुतेक विकणाऱ्यालाही नाही.

औषध मुळात वाईट नाही. छातीच्या दुखण्यावर तपासत असताना त्याचा हा गुण लक्षात आला आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सुरुवात साधारण 50 मिलिग्रॅमची, लिव्हर-किडनी कमजोर असेल तर 25. दिवसातून एकदाच. मटण-भाकर हाणून घेतली तर उशिरा लागते, मग माणूस 'लागलीच नाही' म्हणून दुसरी घेतो. ते करू नका. आणि मनात इच्छा नसेल तर नुसत्या गोळीनं काही होत नाही.

खरी भीती वेगळी आहे. हार्टच्या पेशंटला जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट देतात. ती आणि ही गोळी अंगात एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतं, जीवही जाऊ शकतो. समजा रात्री तुमच्या छातीत कळ आली. घरचे घाबरून शेजारच्या काकाजींची सॉर्बिट्रेट तोंडात घालतील, किंवा दवाखान्यात तीच देतील, आणि बायको-पोरं उभी म्हणून तुम्ही गप्प राहाल. गप्प राहू नका. डॉक्टरांच्या कानात सांगा, पण सांगाच. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिल या तशाच दुसऱ्या गोळीनंतर 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन सुरू असेल तर तेही सांगायचं. ताठरता चार तासांवर टिकली किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता मुळाकडे या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून शुगर आणि तंबाखूचा मार तिथे आधी दिसतो. हृदयाचं दुखणं कधीकधी काही वर्षांनी समोर येतं. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाता का, ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा दिवसाला पाच-सहा जाणं म्हणजे काहीच नाही, आणि तोच माणूस मला ताकदीची गोळी मागतो! बीपीची गोळी सुरू असेल तर तिच्यावर संशय घेऊन मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देऊ शकतात. पहाटे ताठरता येत असेल तर शरीरापेक्षा टेन्शनचा भाग जास्त असू शकतो. कापसाचा भाव आणि सोसायटीचं कर्ज डोक्यात घेऊन झोपणाऱ्याचं असं होतं.

बाहेर कुठे संबंध असतील तर गोळी एचआयव्हीपासून वाचवत नाही, निरोध वापरा. सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात, तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं.

तुम्ही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगर बघा, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढा, तीन महिन्यांची शुगर आणि चरबी तपासा. गोळी त्यानंतर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. पुडी आजपासून बंद. उरली असेल तर फेकू नका, जाताना खिशात टाका आणि डॉक्टरांना दाखवा.