कायदेविषयक प्रश्नोत्तरे : सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझे लग्न १९८८ साली झाले. आई आधीच गेली होती, वडील २००१ मध्ये वारले आणि वडिलोपार्जित शेतीच्या सात-बारावर दोन्ही भावांची नावे लागली. आता त्यातील काही जमीन रस्त्यासाठी संपादित होत आहे आणि भाऊ हक्कसोडपत्रावर माझी सही मागत आहेत. ‘तुझे लग्न १९९४ च्या आधीचे, वडीलही २००५ पूर्वी गेले, त्यामुळे तुला हक्क नाहीच,’ असे ते सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हक्क नसेल तर तो सोडण्याच्या कागदाची गरजच पडत नाही. भावांनी सांगितलेली दोन्ही वर्षे कायद्याच्या इतिहासात आहेत, पण आज तुमचा मार्ग त्यांपैकी कोणतेही अडवत नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देण्यासाठी महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत विवाहाची अशी अट नाही. त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या फुलवती खटल्यात म्हटले होते खरे. परंतु विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ते मत रद्द ठरवले आणि मुलीचा हक्क मुलाप्रमाणेच जन्माने येत असल्यामुळे वडील तेव्हा हयात होते की नाही हा प्रश्नच उरत नाही, असे स्पष्ट केले.

अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वीच झालेल्या विक्रीचा किंवा वाटणीचा. वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हे म्हणणे न्यायालय सहसा मान्य करत नाही, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच त्याचा अपवादाने विचार होतो. वारसाच्या फेरफाराने भावांची नावे लागली, एवढ्याने वाटणी सिद्ध होत नाही, कारण महसुली नोंद मालकी देत नाही. तेव्हा अशी वाटणी झालेली नसल्यास तुमचा वाटा भावांइतकाच, म्हणजे एक-तृतीयांश आहे. जुन्या कायद्यानेसुद्धा वडिलांच्या कल्पित हिश्श्यातून, म्हणजे मृत्यूपूर्वी वडील आणि दोन भाऊ अशी वाटणी झाली असती तर वडिलांना मिळाला असता त्या एक-तृतीयांशातून, तुम्हाला एक-नवमांश मिळालाच असता, तेव्हा ‘हक्क नाहीच’ हे विधान २००१ सालीही चुकीचेच होते. बहिणींना हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

२००१ च्या फेरफाराची नक्कल काढून वारसांत तुमचे नाव होते का ते पाहा. भूसंपादन अधिकाऱ्याकडे मोबदल्याच्या वाटपाबाबत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वाटपाचा दावा फार लांबवू नका. हिस्सा नाकारल्याचे कळल्यापासून १२ वर्षांची मुदत धरली जाते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते रद्द करून घेणे अतिशय कठीण असते. भावांशी संबंध राखायचे असतील, तरी आपला वाटा किती हे समजून घेऊनच बोलणी करावीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले. आता तो औषधालाही पैसे देत नाही. बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहिलेली नाही. घर परत मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळू शकते, पण खात्री देता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, निर्वाह न्यायाधिकरण परत देववू शकते. ही अट अस्तित्वात असल्याचे दाखवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितले. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि आईला ताबा परत देण्याचा आदेश दिला. तेथे बक्षीसपत्रासोबत मुलाने सांभाळाचे वेगळे वचनपत्र लिहून दिले होते. म्हणून त्या काळातील पत्रे, मोबाईलवरील संदेश, साक्षीदार असे जे काही असेल ते जमवा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करा. घराबाबत निर्णय काहीही होवो, त्याच अर्जात दरमहा निर्वाहखर्चही मागा. तो मागण्यासाठी बक्षीसपत्रातील अटीची गरज नाही.