नाशिकमध्ये पहिला पाइप घेताना कोणता निवडावा?

पहिला पाइप कोणता घ्यावा आणि तो ओढताना जीभ का पोळते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात मक्याच्या बुरकुंडाच्या पाइपने करावी; तो हलका व स्वस्त असतो, आणि भूमध्य सागराकाठच्या झुडपाच्या मूळगाठीपासून घडवलेल्या ब्रायरच्या नव्या पाइपाइतका त्याला सराव लागत नाही. जीभ पोळते ती बहुधा ओलसर तंबाखूच्या वाफेने आणि घाईने ओढल्याने. नाशिकच्या पावसाळ्यात तंबाखू भरण्यापूर्वी थोडा वेळ पसरून ठेवावी. उन्हाळ्यात मात्र ती पार कोरडी पडू नये म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी बरी. तळाशी सैल, वर किंचित घट्ट भरावी. पहिल्यांदा पेटवल्यावर वरचा थर फुगतो, तो हलकेच दाबून पुन्हा पेटवावा आणि सावकाश ओढावे. मध्येच विझला तर त्यात कमीपणा नाही. धूर छातीत न घेताही तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे जाणूनच निर्णय घ्यावा. गोदाकाठी ओढण्याचा मोह टाळावा, कारण सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. पाइप पूर्ण थंड झाल्याशिवाय त्याची दांडी काढू नये, आणि एकदा ओढल्यावर त्याला दिवसभर वाळू द्यावे.