समर्पणपत्रावरची तारीख आधी शोधा

पतीच्या निधनानंतर चार वर्षांच्या मुलीला तुम्ही एका संस्थेत ठेवले, बाल कल्याण समितीपुढे काही कागदांवर सह्या केल्या, आणि आता बालसंगोपन योजनेसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळाला की तिला घरी आणायचे, असे तुम्ही ठरवले आहे. अशी पत्रे माझ्याकडे वारंवार येतात. त्यांत दाखल्याची आणि दरमहा मिळणाऱ्या रकमेची चौकशी असते. सही केलेला कागद कोणता होता आणि त्यावर तारीख कोणती होती, हे मात्र क्वचितच कोणी कळवते.

तो कागद समर्पणपत्र, म्हणजे मुलावरचा हक्क कायमचा सोडून देण्याचा संमतीपत्र असेल, तर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 35 नुसार पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. समर्पणपत्राच्या विहित नमुन्यातच असे वाक्य आहे की, 60 व्या दिवसापर्यंत संमती मागे घेता येईल, त्यानंतर ती मागे घेता येणार नाही आणि मुलावर दावा उरणार नाही. मुदत संपल्यावर समिती कलम 38 खाली मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे जाहीर करू शकते, आणि पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला की जन्मदात्या कुटुंबाशी असलेले नाते कायद्याने तुटते. दोन महिने आणि 60 दिवस यांत जी मुदत आधी संपते, तीच खरी धरा.

सही ‘गेल्या महिन्यात कधीतरी’ झाली आणि प्रत घेतली नाही, असे तुम्ही लिहिता. ज्या कागदाने लेक कायमची दुरावू शकते, त्याची प्रत न मागता उठून येणे फार महागात पडू शकते, हे मला स्पष्टच सांगायला हवे. सहीपूर्वी समुपदेशन करून परिणाम समजावून सांगणे यंत्रणेचेही कर्तव्य होते. ते झाले नसेल तर अर्जात तसे जरूर नमूद करा.

दाखल्याची वाट पाहू नका. उद्याच साध्या कागदावर, ‘मी समर्पणाची संमती मागे घेत आहे, माझी मुलगी माझ्या ताब्यात द्यावी आणि समर्पणपत्राची प्रत मिळावी’ असा अर्ज लिहून समितीच्या कार्यालयात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नका, कारण ‘सांगून आले होते’ याला पुढे कोणी पुरावा मानणार नाही. त्याची एक प्रत संस्थेला आणि एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या. अर्ज घेण्यास टाळाटाळ झाली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

सही केवळ तात्पुरत्या प्रवेशाच्या कागदावर झाली असेल, तर 60 दिवसांचा हा धाक नाही. मग घरच्या परिस्थितीच्या सामाजिक तपासणी अहवालानंतर मुलगी परत देण्याचा आदेश समिती करू शकते, पण त्याला किती काळ लागेल हे सांगता येणार नाही. साध्या चौकशा महिनोन्‌महिने रेंगाळताना मी पाहिल्या आहेत, आणि इतक्या लहान मुलाच्या बाबतीत हा विलंब मला अक्षम्य वाटतो.

आता पैशांविषयी. बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये, तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतील प्रायोजकत्वात (मुलाच्या संगोपनासाठीच्या मदतीत) 4,000 रुपये मिळतात. दुसऱ्या योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि अन्यत्र 96,000 रुपये आहे, आणि विधवा मातेचे मूल हा निकष कलम 45 मध्येच आहे. दोन्ही मदती एकदम मिळतील असे गृहीत धरू नका. मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावे म्हणून ही मदत असते, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असल्याचे याच कायद्याचे कलम 3 सांगते. म्हणून योजनेचा अर्ज प्रलंबित असल्याची पोच तुमच्या अर्जाला जोडा, दाखला मागाहून देता येईल.

60 दिवस उलटून गेले असल्याचे आढळले, तरी हाच अर्ज त्याच दिवशी द्या, कलम 38 खालील आदेश झाला आहे का हे लेखी विचारा, आणि उत्तर हाती येण्याची वाट न पाहता प्राधिकरणाच्या वकिलाला गाठा.