रोध तारेचा, रोधकता धातूची

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे. विहिरीवरच्या मोटरीसाठी केबल घ्यायला ते नाशिकला आले, तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘ॲल्युमिनियमला रेझिस्टन्स जास्त, कॉपरच न्या.’ मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘रोध’ आणि ‘रोधकता’ असे दोन शब्द आहेत. दुकानदारांचा रेझिस्टन्स यातला कोणता?

दुकानदारांना म्हणायची होती ती रोधकता. ती धातूची असते. १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाची (म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रफळाची) तार घेतली तर तांब्यात विजेला होणारा अडथळा साधारण ०.०१७ ओहम (रोधाचं एकक) भरतो, ॲल्युमिनियममध्ये ०.०२८. हीटरच्या कॉइलचं नायक्रोम थेट १.१ ओहमवर जातं.

रोध मात्र तुमच्या हातातल्या तारेचा. लांबी दुप्पट केली की तो दुप्पट होतो, छेद दुप्पट केला की निम्मा. समजा विजेच्या मीटरपासून विहीर २०० मीटरवर आहे. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या एका तारेचा रोध ०.८५ ओहम, तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा १.४. पण ॲल्युमिनियमची १० स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर ०.५६! रोधकता जास्त असूनही रोध कमी. म्हणून ‘ॲल्युमिनियमला रोध जास्त’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. लांबी-जाडी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मोटरीपाशी व्होल्टेज किती पडणार, हे रोधावरच ठरतं. १० अँपिअरला पहिल्या केबलच्या एका तारेत ८.५ व्होल्ट जातात.

शब्दाची घडणही हेच सांगते. ‘जलरोधक’मधला रोधक म्हणजे अडवणारा, त्याला ‘ता’ लागला की अडवण्याचा गुण. गुण पदार्थाचा, म्हणून ‘तांब्याची रोधकता’ आणि ‘या केबलचा रोध’ असं लिहावं. जुन्या पुस्तकांत रोधकतेला ‘विशिष्ट रोध’ही म्हटलेलं आढळेल. अर्थ तोच.

एककात मात्र चूक फार होते. रोधकतेचं एकक ओहम-मीटर, म्हणजे गुणाकार. ‘ओहम प्रति मीटर’ नव्हे. केबलच्या कॅटलॉगमध्ये ‘ओहम प्रति किलोमीटर’ असा आकडा असतो, तो त्या विशिष्ट जाडीच्या तारेचा दर किलोमीटरचा रोध. खरेदी करताना तुम्हाला तोच कामाचा. शिवाय हे सगळे आकडे २० अंश सेल्सिअसचे असतात. एप्रिल-मेमध्ये तार ४० अंशांवर गेली की तांब्याचा रोध जवळपास ८ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा जाडी ठरवताना थोडा हात सैल ठेवा.