सोलापूरहून ऑशकॉशच्या विमान मेळाव्याला जाऊन वर तिथे फुकट काम करायचं, यात काही अर्थ आहे का?

तुमच्या प्रश्नातला 'फुकट' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हाच शब्द माझ्या दाजींनी ऑगस्ट 2018 मध्ये, मी अमेरिकेतून परत आलो त्याच आठवड्यात, माझ्याच घरात सगळ्यांसमोर वापरला होता. "काय बे, पैसे भरून फुकट हमाली करून आलास?" बहीण बाजूला बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. तेव्हा दिलं नाही ते उत्तर आज तुम्हाला देतो. खर्चाचं आणि जमण्या-न जमण्याचं शेवटी बघू.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत 31 वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा; सोलापूरकराला हे सांगायला नको. विमानाशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी होटगी रोडला विमानतळाच्या कुंपणाला सायकल टेकवून तासन् तास उभा राहायचो आणि बहुतेक वेळा काहीच न दिसता घरी यायचो. मुलगा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत नोकरीला लागला. तिथून ऑशकॉश गाडीने दीडेक तास. त्याने तिकिटं काढून ठेवली होती.

आम्ही गेलो तो मेळाव्याचा पहिला दिवस, सोमवार, 23 जुलै 2018. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. आयुष्यात पहिल्यांदा आषाढीला मी जिल्ह्याबाहेर होतो आणि सकाळपासून मनाला ते टोचत होतं. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी होती, बायकोने बजावून दिलेली. गेटातून आत गेलो आणि पाय थबकले. त्या आठवड्यात तिथे 6 लाख 1 हजार माणसं आली आणि 10 हजारांहून जास्त विमानं. विमानं गवतावर रांगेने लावलेली आणि पंखाखाली तंबू ठोकून माणसं संसार मांडून बसलेली. कुणी चहा उकळतंय, कुणी दोरीवर कपडे वाळत घालतंय. वारीतला वाखरीचा तळ ज्याने पाहिलाय त्याला हे चित्र नवं वाटणार नाही.

येण्याची पद्धतही दिंडीचीच. लहान विमानं रिपन गावावर जमतात आणि तिथून रेल्वेचा रूळ धरून फिस्क नावाच्या खेड्याकडे निघतात. एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर राखून, 90 नॉटच्या (ताशी साधारण 165 किलोमीटर) वेगाने, 1800 फुटांवर. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. पायलटने रेडिओवर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. खाली दुर्बिणी घेऊन उभी असलेली माणसं विमानाचा रंग आणि जात ओळखून हाक मारतात आणि ऐकू आलं की पायलटने पंख हलवून उत्तर द्यायचं. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एका विमानाला एका ठिपक्यावर उतरवतात, मागच्याला दुसऱ्यावर, एकाच पट्टीवर एकाच वेळी. त्या आठवड्यात जगातला सर्वांत गर्दीचा कंट्रोल टॉवर तिथला असतो. उतरल्यावर विमानाला जागा दाखवायला, वाट अडवायला, माणसं थोपवायला जे उभे असतात ते स्वयंसेवक. असे 5 हजारांहून जास्त लोक, एका पैशाची मजुरी नाही. यातले बरेच जण महिना-महिना आधी येऊन कुंपणं घालतात, रंग देतात.

हे सगळं 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी आणि मिलवॉकीतल्या काही लोकांनी सुरू केलं, ज्यांना स्वतःच्या हाताने विमान बांधायचं होतं. पुढे मेळावा रॉकफर्डला गेला आणि 1970 पासून ऑशकॉशला स्थिरावला. विमान घरी बांधणाऱ्यांचा हा मेळावा आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. लढाऊ विमानांच्या कसरती बघायला लोक जातात, त्या भारीच असतात, पण ते वरचं वर.

दुपारी मुलगा जेट बघायला धावपट्टीकडे गेला. मला उन्हाचा त्रास होत होता, म्हणून सावली बघून शिकवणीच्या मंडपाकडे वळलो. तिथे पत्राकाम, वेल्डिंग, लाकूडकाम हातात देऊन शिकवतात. एका टेबलाभोवती माणसं वाकून काहीतरी करत होती. जवळ जाऊन बघतो तर कापड! विमानाच्या पंखाची लाकडी चौकट, दोन-अडीच हात लांब, आणि तिच्यावर पांढरं पॉलिस्टरचं कापड चढवत होते. मला तोवर माहीत नव्हतं की विमानाला कापड लागतं. पूर्वी सुती आणि लिनन वापरायचे, आता पॉलिस्टर. कडेने गोंदाने चिकटवायचं आणि मग इस्त्री फिरवायची. पहिला हात साधारण 120 अंश सेल्सिअसचा, शेवटचा 175 च्या आसपास. उष्णतेने कापड आक्रसतं आणि ढोलकीसारखं ताणलं जातं. इस्त्रीच्या खुणेवर भरवसा ठेवत नाहीत, थर्मामीटर लावून बघतात. त्याहून जास्त तापवलं तर पॉलिस्टरचा ताणच मरतो.

टेबलाशी एक तरुण पोरगा चौकटीवर कापड अंथरत होता. माझं लक्ष गेलं, उभा धागा तिरका पडला होता. विमान ज्या दिशेने उडणार त्या दिशेला उभा धागा सरळ असावा लागतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसलं की वीण चौकटीला धरून नाही. न राहवून मी बोट दाखवलं. पोराला कळेना. मग मी कापडाच्या कडेला नखाने एक आडवा धागा सोडवला आणि हलक्या हाताने ओढत पार दुसऱ्या टोकापर्यंत काढला. धागा निघून गेला की त्याच्या जागी केसाएवढी बारीक रेघ उमटते. ती रेघ म्हणजे कापडाचं खरं सरळ. टॉवेल कातरणाऱ्या आपल्या कुठल्याही बाईला हे येतं. त्या रेघेवर कापून कापड पुन्हा अंथरलं आणि ते चौकटीवर चारही बाजूंनी बरोबर बसलं.

शिकवणारे ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते, निवृत्त दूधवाले शेतकरी. त्यांनी चष्मा वर करून ती रेघ पाहिली, मग माझे हात पाहिले आणि टेबलाच्या आतल्या बाजूला माझ्यासाठी खुर्ची ओढली. माझं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलपुरतं. त्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला स्वयंसेवकांच्या खिडकीवर घेऊन गेले, नाव लिहून घेतलं, आणि पुढचे चार दिवस मी त्या टेबलावर होतो. एकादशीचा उपवास द्वादशीला तिथेच सोडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजोबांनाही दिली. त्यांनी ती पावाला लावून खाल्ली आणि पुन्हा मागितली.

आता मुख्य गोष्ट. कापड चिकटवून भागत नाही, पंखाच्या फासळ्यांना शिवावं लागतं. हातभर लांब सुई, आपल्या दाभणासारखी, आणि मेण लावलेला दोरा. पंख उभा धरतात. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकाने सुई आरपार घालायची, दुसऱ्याने ओढून फासळीच्या पलीकडून परत घालायची. मधे कापडाची भिंत, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, फक्त सुईचं टोक बाहेर येतं. मी पहिल्या टाक्याला आपली विणकरी गाठ मारली, डोळे झाकून मारता येते ती. आजोबांनी मान हलवली, कात्रीने कापली आणि त्यांची गाठ दाखवली. मी नीट शिकेपर्यंत सात-आठ वेळा कापली. राग आला होता, खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत माझी गाठ कुणी कापली नव्हती.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा आजोबांनी त्याच्यामार्फत कारण सांगितलं. त्या विमानतळाला स्टीव्ह विटमन यांचं नाव आहे. शर्यतीचे नावाजलेले पायलट, स्वतः विमानं बांधणारे, 1931 ते 1969 हे विमानतळ त्यांनी सांभाळलं. 1995 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, स्वतः बांधलेल्या विमानातून बायकोसह जाताना अलाबामात त्यांचा अपघात झाला आणि दोघेही गेले. चौकशीत निघालं ते असं: पंखावरचं कापड एका जागी नीट चिकटवलेलं नव्हतं, ते सुटलं आणि पंख फडफडू लागला. ज्यांच्या नावाच्या पट्टीवर सारं जग उतरतं, ते कापडामुळे गेले. आजोबा एवढं बोलून दोऱ्याला मेण लावायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी माझी प्रत्येक गाठ स्वतःच नखाने तपासून मग पुढे गेलो.

दाजींना हे सगळं नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मेळावा भरवणारे तिकिटाचे पैसे घेणार आणि तू सुई ओढणार. मूर्ख कोण?" दाजींचा हा सूर जुना आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी होतो तो कारखाना दोन महिने बंद पडला होता. पगार नव्हता. तरी मी एक दिवसाआड जाऊन मागांना तेल देत होतो, गंज चढू नये म्हणून. तेव्हाही दाजींनी भर लग्नात चारचौघांत सांगितलं होतं की माझ्या सालेसाहेबांना स्वतःची किंमत कळत नाही. कारखाना पुन्हा सुरू झाला त्या सकाळी 24 पैकी 24 माग पहिल्या झटक्यात चालले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पण हेच दाजी बावीस वर्षं सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलतात. डिसेंबरपासून रोज रात्री सरावाला जातात, खांदे सोलून घेतात. संक्रांतीच्या दिवसांत पांढरी बाराबंदी घालून 68 लिंगांच्या वाटेवर ती उंच काठी कंबरेच्या पट्ट्यात तोलून चालतात. त्याची मजुरी किती? हे मी त्यांना या जानेवारीत विचारलं. ते म्हणाले, "तो मान आहे. तुला तिथे कुणी मान दिला?" मला विचाराल तर ज्या क्षणी कापडाच्या पलीकडून सुईचं टोक माझ्या बाजूला आलं, तो मान होता. अनोळखी माणसाच्या जिवाचा टाका त्यांनी माझ्या हातात दिला. हजार डॉलर मोजून तो विकत मिळत नाही. काठीला आणि सुईला वेगळा न्याय का, याचं उत्तर दाजींनी अजून दिलेलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नुसतं बघायला एवढ्या लांब जाऊ नका. बघणाऱ्याला आवाज, ऊन आणि रांगा मिळतात. काम करणाऱ्याला माणसं मिळतात. एक दिवस बघा, उरलेले दिवस काहीतरी हातात घ्या.

आता दाजींच्या बाजूनेही थोडं, कारण ते सगळंच चूक बोलत नाहीत. मेळाव्यात मोठ्या कंपन्यांचे मंडप असतात आणि धंदा जोरात चालतो. खाणं महाग आहे, शाकाहारी माणसाचे हाल होतात. सगळ्यांना पंख शिवायला मिळत नाहीत. गाड्यांच्या पार्किंगमध्ये सहा तास झेंडा धरून उभं राहायची वेळ येऊ शकते, आणि तेही काम असतं. माझ्या हातात कापडाची कला होती, म्हणून माझं जमलं. तुमच्या हातात काय आहे ते आधी बघा. आणि माझा मुलगा तिथे होता, राहायचं-जेवायचं त्याच्याकडे, हे विसरून चालणार नाही. तसं कुणी नसेल तर खर्च खरंच मोठा आहे, कर्ज काढून जाऊ नका.

जायचंच ठरलं तर मेळावा दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात असतो. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून वर्षभर आधी हालचाल करा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करण्याबद्दलही तेव्हाच नीट विचारून घ्या, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. हॉटेलं वर्ष-वर्ष आधी भरतात. तंबूची जागा किंवा तिथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली बघा. मेळावा भरवणाऱ्या संस्थेचे सभासद झालात तर तिकीट स्वस्त पडतं. कुणाच्याही विमानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विमानाचा फिरणारा पंखा (प्रोपेलर) बंद असला तरी त्याच्या जवळ जायचं नाही. मधेच वादळी पाऊस येतो, रेनकोट ठेवा.

निघताना आजोबांनी ती सरावाची चौकट मला दिली, मी पहिल्यांदा नीट शिवलेली. आमच्या बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलीय. दाजी घरी आले की जाता-येता तिच्यावर बोटाने टिचकी मारतात, ढोलकीसारखा आवाज येतो, आणि काही न बोलता चहाला बसतात. तुम्ही सोलापुरातच असाल आणि जाण्याआधी विमानाचं कापड हाताला कसं लागतं ते बघायचं असेल, तर खाली लिहा. रविवारी मी घरीच असतो.