लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या ४० दिवसांत, आत्मपरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मटण सोडलं, चहा सोडला, रोज रात्री प्रार्थनेला बसता, तरी आत काही हलत नाही आणि रडूही येत नाही. मटणानं तुमचं काय वाकडं केलं होतं?

माझे वडील सोलापुरात गिरणीत जॉबर होते. बदली कामगार भोंग्याआधी गेटवर येऊन थांबायचे आणि आज कुणाला काम द्यायचं ते जॉबरच्या हातात असायचं. त्याची चिरीमिरी ठरलेली. सगळेच घेत, बाबाही घेत. एका लेंटमध्ये पाळकसाहेबांनी जक्कयावर, म्हणजे येशू घरी आल्यावर लुबाडलेलं परत करायला निघालेल्या जकातदारावर, उपदेश केला, लूक १९, आणि बाबा घरी येऊन वही घेऊन बसले. ती वही मी पाहिली आहे. 'मी लोभी आहे, मला क्षमा कर' असलं त्यात काही नव्हतं. माणसांची नावं होती आणि नावापुढे रुपये.

मग पाळी सुटली की सायकल काढून साखर पेठ, अशोक चौक असं एकेकाच्या घरी. एकानं दारातच आईवरून शिव्या घातल्या. एका तेलुगू बाईनं, तिचा नवरा वारला होता, नोटा मोजल्या आणि म्हणाली, दोन रुपये कमी आहेत. बाबांनी काढून दिले. जक्कयानं चौपट द्यायचं कबूल केलं होतं, तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही, असं ते आईला म्हणाले. तोवर आईच्या पाटल्या गेल्याच होत्या.

त्या वर्षी थोरल्या भावाची डिप्लोमाची फी राहिली. पुढच्या वर्षी भरली, बाबांच्या ओव्हरटाइमवर. पण दादा ते वर्ष अजून विसरलेला नाही. त्याचं म्हणणं, देवानं क्षमा केली होती ना, मग गावभर फिरून सांगायची काय गरज? आता तो चर्च कमिटीत आहे. लेंटचे नियम त्याच्याकडून ऐकावेत. राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख हवीच! आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या वळणाची, आणि ते लोक मुळात लेंट पाळणारे नव्हेत. लेंट पाळणारे अँग्लिकन आणि आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झालो ते १९७० साली. राखेला माझी हरकत नाही. पण मत्तय ५:२३-२४ काढून वाचा. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. देवाशी परस्पर मिटवून टाक, असं येशू म्हणालेला नाही.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेण्याआधी, स्वतःची परीक्षा करायला सांगितलं (१ करिंथ ११) तेही कशावरून? एकत्र जमून काही जण भरपेट खातपीत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावरून. सगळा अध्याय वाचला तर कळतं. आम्ही नेमकं तेवढंच एक वचन पाठ करतो.

तेव्हा वही घ्या. स्वतःला विशेषणं लावत बसू नका, नावं लिहा. पैशांपासून सुरुवात केलेली बरी, तिथं आकडा असतो.

आणि हो, ज्यानं तुमच्यावर हात उचलला त्याच्या दारी समेटाला जायचं नाही. तुमच्या कबुलीनं तिसऱ्याच कुणाचा संसार मोडणार असेल तर आधी पाळकांशी बोला. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर मार्चच्या सोलापुरी उन्हात डॉक्टरांना न विचारता उपास धरू नका. रविवार तसेही ४० दिवसांत धरत नाहीत.

राहिलं रडू. वही लिहिताना काय किंवा शिव्या खाऊन आल्यावर काय, बाबांना मी कधी रडताना पाहिलं नाही. दादा दर प्रार्थनासभेत रडतो.