नववा प्रश्न

प्रिय बेटा,

तुझ्या थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, काल रात्री दोनदा वाचला. रेसिडेंट, इंटर्न आणि नर्सिंग स्टाफमधला बर्नआउट हा विषय तू घेतलास, याचं मनापासून समाधान वाटलं. आता चुका सांगतो.

प्रस्तावनेत बर्नआउट आणि डिप्रेशन हे शब्द तू एकाच अर्थाने वापरले आहेस. बर्नआउट कामातून येतो. १९८१ मध्ये मॅस्लॅक आणि जॅक्सन यांनी त्याचं मोजमाप मांडलं, त्यात तीन गोष्टी होत्या : मन पार आटून जाणं, पेशंट माणूस न वाटता बेड नंबर वाटू लागणं आणि आपल्या हातून काही नीट होतच नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. डिप्रेशन हा आजार आहे. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोज. मॅस्लॅकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते; कोपनहेगनची १९ प्रश्नांची मोफत आहे, ती घे.

तुझ्या फॉर्ममध्ये ड्युटीच्या तासांचा रकानाच नाही! राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये रेसिडेंटसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. आपल्याकडे प्रत्यक्षात किती तास होतात हे तू विचारलं नाहीस, तर सगळा दोष त्या पोराच्या 'कमकुवत मनावर' जाईल. हे मला अजिबात चालणार नाही.

भाषेकडेही बघ. धुळ्याजवळच्या खेड्यातून येणारी वॉर्डातली मावशी 'भावनिक थकवा' वाचून गप्प बसेल. अहिराणीत 'जीव थकी गया का?' असं विचारलंस तर बोलेल. पुढे धडगाव-अक्कलकुव्याच्या आशाताईंपर्यंत जायचं असेल तर अहिराणीही पुरणार नाही, तिथे पावरी आणि भिली जाणणारं माणूस लागेल. भाषांतर करून घेतलंस की दुसऱ्या कुणाकडून ते परत मराठीत आणून ताडून बघ.

फॉर्म एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, हातून वाटू नकोस. नाइट करून आलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला राउंडच्या आधी तर मुळीच देऊ नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. डिप्रेशनसाठी तू पीएचक्यू-नाइन ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेतली आहेस. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. २०१६ मध्ये जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात नैराश्य किंवा त्याची लक्षणं २७.२ टक्के मुलांत होती आणि आत्महत्येचे विचार ११.१ टक्के मुलांत. लक्षणं असलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले फक्त १५.७ टक्के. हे प्रमाण तुझ्या दोनशे जणांना लावलं तर वीसेक जण नवव्या प्रश्नावर खूण करतील. त्या वीस जणांचं तू काय करणार, याबद्दल सिनॉप्सिसमध्ये एक ओळही नाही.

खूप वर्षांपूर्वी मीही असाच सर्व्हे केला. नावं नकोत, म्हणजे मुलं खरं लिहितील, असं मी ठरवलं. फॉर्म गोळा केले आणि कपाटात ठेवले. परीक्षा होत्या, मग मे महिना गेला. पाच आठवड्यांनी आकडे भरायला बसलो तेव्हा एका फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' असं होतं. खूण दोनदा गिरवलेली. नाव नाही, नंबर नाही. मी वर्गात जाऊन सगळ्यांशी बोललो, माझा फोन नंबर फळ्यावर लिहिला. कुणी आलं नाही. त्या बॅचमधलं कुणीही आज भेटलं की माझ्या मनात तोच प्रश्न येतो.

म्हणून तू असं कर. फॉर्मवर नाव नको, पण कोड असू दे. कोडची यादी बंद पाकिटात आपल्या विभागाबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे राहील. नवव्या प्रश्नावर खूण आली तर तेच फोन करतील, गाईड किंवा एचओडींना कळणार नाही, हे संमतीपत्रात स्पष्ट लिही. आलेले फॉर्म त्याच दिवशी वाचायचे. प्रत्येकाला फाडून नेता येईल अशी चिठ्ठी जोड, तिच्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छाप. कोडमुळे काही जण खरं लिहिणार नाहीत, तुझी टक्केवारी थोडी खाली येईल. येऊ दे.

एथिक्स कमिटीची बैठक पुढे आहे. त्याआधी त्या मानसोपचारतज्ज्ञांना मी स्वतः फोन करतो. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही फॉर्म वाटू नकोस.

आणि नववा प्रश्न तू स्वतःही सोडवून बघ. उत्तर काहीही आलं तरी मला फोन कर, कितीही रात्र झाली असली तरी.

तुझा,
सर